कामावर बोट, हात किंवा जीव गेला तर मालकाकडून भरपाई कशी मागायची

माझ्या मेव्हण्याची तर्जनी पॉवर प्रेसमध्ये गेली तेव्हा सुपरवायझरच त्याला दवाखान्यात घेऊन गेला आणि केस पेपरवर लिहून आलं, "घरी दारात बोट चेपलं". मेव्हणा कळवळत होता, तो काय वाचणार. पुढचं दीड वर्ष आमचं भांडण त्या एका ओळीशीच होतं.

म्हणून पहिलं काम ते. डॉक्टरला स्वतः सांगा की कामावर, अमुक मशीनवर, इतक्या वाजता लागलं, आणि पेपर हातात आला की तिथेच वाचा. त्या दिवशीच्या हजेरीचा फोटो, मशीनचा फोटो, शेजारच्या दोघांचे नंबर, पगार बँकेत येत असेल तर स्टेटमेंट, सगळं त्याच आठवड्यात गोळा करा, नंतर कोणी ओळख दाखवत नाही.

मग पगाराच्या स्लिपवर ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापतात का ते बघा. (पगार २१,००० पर्यंत असेल तर बहुतेक कापत असतील.) कापत असतील तर पैसे ईएसआयकडून मिळतात, मालकावर वेगळा दावा लागत नाही. नसेल तर मालक देणं लागतो, आणि कॉन्ट्रॅक्टरचा माणूस असलात तरी मूळ कंपनीला धरता येतं.

किती मिळतात? मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराचे ५० टक्के, कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ६० टक्के, गुणिले कायद्याच्या तक्त्यातला वयाचा आकडा. पगार कितीही असो, २०२० पासून जास्तीत जास्त १५,००० धरतात. तिशीच्या माणसाचा आकडा २०७.९८, म्हणजे पूर्ण अपंगत्वाला १८,७१,८२०. अख्खी तर्जनी गेली तर त्याचे १४ टक्के, साधारण २ लाख ६२ हजार. मेव्हण्याला पंचवीस हजार आणि "तक्रार नाही" असा स्टॅम्प पेपर दाखवत होते! सही करू नका, आणि केली असेल तरी घाबरू नका, भरपाईचा हक्क असा लिहून सोडता येत नाही.

"दारू प्यायला होता", "मशीनचं संरक्षक कव्हर काढलं होतं" हे ऐकायला मिळणारच. पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर हा बचाव चालत नाही.

मालकाला लेखी नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा, पावती जपा. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज लागतं, वर दंडही होऊ शकतो. तरी हलला नाही तर अर्ज, महाराष्ट्रात हे काम कामगार न्यायालय बघत आलंय, आणि दोन वर्षं उलटू देऊ नका. १९२३ चा कामगार भरपाईचा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय पण हिशोबाची रीत तीच आहे.

कामावर जाताना वाटेत अपघात झाला तरी विचारून बघाच. आपल्याकडच्या एका साखर कारखान्याचा वॉचमन २००३ मध्ये पहाटे तीनच्या ड्युटीला निघाला आणि कारखाना पाच किलोमीटरवर असताना गेला, त्याच्या घरच्यांच्या बाजूने सुप्रीम कोर्टाचा निकाल आला जुलै २०२५ मध्ये.

माणूस गेला असेल तर मालकाने रक्कम भरपाई ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडे भरायची असते, तेराव्याला बायकोच्या हातात पाकीट दिलं म्हणजे झालं असं नाही, ते पाकीट घेतलं तरी दावा उरतोच.