अमेरिकी प्रश्नमंजुषेची कॅसेट घरच्या टीव्ही गेमवर कशी चालवावी

‘जेपर्डी’ या अमेरिकी प्रश्नमंजुषेवरचा, १९८८ मध्ये निन्टेन्डोच्या आठ-बिट यंत्रासाठी आलेला खेळ सोलापुरात आमच्या घरी मामेभावाच्या बॅगेतून आला. पण ती कॅसेट आपल्याकडच्या टीव्ही गेममध्ये थेट बसत नाही. अमेरिकी कॅसेटला ७२ पिना असतात आणि आपल्याकडे विकले गेलेले बहुतेक टीव्ही गेम फॅमिकॉमच्या, म्हणजे निन्टेन्डोच्या याच यंत्राच्या जपानी आवृत्तीच्या, धर्तीचे असल्यामुळे त्यांची खाच ६० पिनांची असते. म्हणून आधी ७२ चे ६० करणारा कन्व्हर्टर मिळवावा. मूळ अमेरिकी यंत्रच हाती असेल, तर त्याचा अडॅप्टर आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये कधीही लावू नये. तो १२० व्होल्टसाठी बनवलेला असतो, त्यामुळे मध्ये व्होल्टेज कमी करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवाच.

कॅसेट लावूनही पडदा कोराच राहिला किंवा अक्षरे विस्कटली, तर आपण लहानपणी मारत असू तशी फुंकर मारू नये, कारण तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेली कापसाची काडी पिनांवरून हलक्या हाताने फिरवावी. आमच्याकडच्या उन्हाळ्यातल्या धुळीने पहिली काडी काळीकुट्ट निघाली, तिसरी जवळपास पांढरी राहिली आणि मगच चित्र स्थिर झाले. अल्कोहोल पूर्ण वाळल्याशिवाय यंत्र सुरू करू नये.

आता प्रत्यक्ष खेळ. या कार्यक्रमात उत्तरासारखे विधान समोर येते आणि स्पर्धकाने त्याचा प्रश्न सांगायचा असतो. कॅसेटमध्ये मात्र ते कंट्रोलरने एकेक अक्षर निवडून इंग्रजीत लिहावे लागते. खरी अडचण इथेच येते, कारण उत्तर ठाऊक असूनही अक्षरे शोधण्यात वेळ संपतो. त्यामुळे घरातल्या एकाने विधान मोठ्याने वाचून मराठीत सांगावे, बाकीच्यांनी विचार करावा आणि दुसऱ्याने स्पेलिंग कागदावर लिहून कंट्रोलर धरणाऱ्यासमोर ठेवावे. शेंगाचटणीचे हात मात्र आधी धुवावेत. तेल बटणांच्या फटीत शिरले की ती चिकटू लागतात.

लहान मुलांबरोबर खेळायचे असेल, तर शब्दांतली अक्षरे ओळखायचा ‘व्हील ऑफ फॉर्च्यून’ अधिक योग्य वाटतो. ‘फॅमिली फ्यूड’ मी सुचवणार नाही. त्यात अमेरिकेतल्या लोकांनी पाहणीत काय सांगितले असेल हे ओळखायचे असते आणि आपल्या घरातले अगदी शहाणे उत्तरही तिथे चुकीचे ठरू शकते.