अमेरिकेतलं बाळंतपण: इन्शुरन्सची तयारी

बॅग, कार सीट, डिंकाचे लाडू हे घरचे सांगतीलच. मी फक्त इन्शुरन्सचं सांगते.

सातव्या महिन्यातच एचआरला विचारून ठेवा, बाळाला प्लॅनमध्ये घालायचं कसं, कुठल्या पोर्टलवर. नोकरीच्या प्लॅनला सहसा 30 दिवसांची मुदत असते आणि ती जन्मापासून मोजतात. मुदतीत घातलंत तर कव्हर जन्मदिवसापासूनच लागू होतं. बाळाचं बिल आईच्या बिलाहून वेगळं येतं, आणि मुदत हुकली तर ते अंगावर पडू शकतं. हॉस्पिटल हे काम आपल्यासाठी करत नाही. पहिल्या खेपेला आमचं नेमकं हेच राहिलं. बाळाचा सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक, यायला वेळ लागतो, त्याच्यासाठी थांबू नका, नंबर नंतर कळवता येतो का ते आधीच विचारा. नावाचंही तेच. बारसं हवं तेव्हा करा, मुदत बारशासाठी थांबत नाही.

आता मुक्काम. पूर्वी काही इन्शुरन्स कंपन्या बाळंतिणीला 24 तासांत घरी पाठवायला लावत, म्हणून 1996 मध्ये कायदा झाला. प्लॅनमध्ये बाळंतपणाचा हॉस्पिटलचा खर्च असेल, तर नॉर्मलनंतर किमान 48 तास आणि सिझेरियननंतर 96 तास द्यावेच लागतात. त्यासाठी डॉक्टरांना कंपनीची परवानगी घ्यावी लागत नाही. तास भरती झाल्यापासून नाही, जन्मापासून मोजतात, जुळी असतील तर शेवटच्या बाळापासून. घरी किंवा वाटेत जन्म झाला, तरच भरतीपासून. डॉक्टर तुमच्याशी बोलून लवकर सोडू शकतात, पण लवकर जावं म्हणून कंपनी तुम्हाला पैसे देऊ शकत नाही. बरं वाटत नसेल तर स्पष्ट सांगा, भिडेखातर उठू नका. डिडक्टिबल (इन्शुरन्स द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम) आणि को-पे (दर वेळचा आपला ठरलेला वाटा) मात्र भरावे लागतातच.

जन्म झाला की बाबाने त्याच आठवड्यात पोर्टल उघडायचं. बाळंतीण झोपेला पारखी झालेली असते, तिच्यावर हे टाकू नका. 30 दिवस! कन्फर्मेशनचा ईमेल आल्याशिवाय काम झालं असं धरू नका.

डिस्चार्जआधी बर्थ सर्टिफिकेटचा फॉर्म, त्यातच सोशल सिक्युरिटीची विनंती. बाळाचा डॉक्टर नेटवर्कमधला, म्हणजे प्लॅनशी करार असलेला, निवडा. ब्रेस्ट पंप प्लॅनकडून मागा. बिलं ईओबीशी, म्हणजे कंपनीने किती दिले आणि तुमचे किती हे सांगणाऱ्या तिच्या पत्रकाशी, ताडून मगच भरा.