अकरावीला साईड घ्यायच्या आधी कॉलेजात जाऊन काय बघायचं

दहावीचा निकाल लागला की घरात दोनच प्रश्न, किती पडले आणि सायन्स का कॉमर्स. पण ज्या डिपार्टमेंटमधे मुलगा किंवा मुलगी पुढची दोन वर्ष बसणार आहे ते आत जाऊन बघायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही, कटऑफ बघतात, कॉलेजचं नाव बघतात आणि फॉर्म लॉक करून मोकळे होतात. मी ज्युनिअर कॉलेजला व्होकेशनल म्हणजे व्यवसाय शिक्षणाच्या साईडला शिकवतो, दर वर्षी जुलै-ऑगस्टमधे रडवेली तोंडं घेऊन पोरं येतात की सर साईड बदलून मिळेल का, ते बघवत नाही, म्हणून हे सगळं नीट लिहितोय.

आधी कॉलेजात असतं काय काय ते बघू. आर्ट्स, कॉमर्स, सायन्स तर सगळ्यांना माहितीये. चौथी साईड म्हणजे एचएससी व्होकेशनल, आधी एमसीव्हीसी म्हणायचे, अजून पण बरेच पालक तसंच म्हणतात. ही आयटीआय नाहीये बरं का, आयटीआय वेगळं, तिथला फॉर्म वेगळा. व्होकेशनलवाल्यांची बारावी पण बोर्डाचीच असते, सर्टिफिकेट एचएससीचंच मिळतं. आणि पाचवा प्रकार, जो सायन्स कॉमर्सच्या पोटातच असतो, तो म्हणजे बायफोकल, नेहमीच्या विषयांबरोबर एक कामधंद्याचा विषय घ्यायचा.

आता साईड ठरवताना सुरुवात उलटीकडून करा. बारावीनंतर काय करायचंय ते आधी कागदावर लिहा, अगदी पक्कं नसलं तरी दोन तीन गोष्टी लिहा, मग त्याला कुठले विषय लागतात ते बघा. मेडिकलला जायचं तर नीट या प्रवेश परीक्षेसाठी बायोलॉजी पाहिजेच. इंजिनिअरिंगला फिजिक्स आणि मॅथ्स पाहिजेच, तिसरा विषय म्हणून केमिस्ट्रीच्या ऐवजी बायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी किंवा टेक्निकल व्होकेशनल विषय पण चालतो, हे खूप जणांना माहितीच नसतं. (या तीन विषयांना मिळून ओपनला 45 टक्के आणि राखीवला 40 टक्के लागतात, ते पण लक्षात ठेवा.) कॉमर्सला मॅथ्स घ्यायचं का एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घ्यायचं हे पण असंच ठरवायचं, मैत्रिणीने एसपी घेतलं म्हणून मी पण घेतलं असं नको, पुढे आकडेमोडीचा कोर्स करायचा असला तर मॅथ्स सोडू नका.

बायफोकलचं गणित तर नीट समजून घ्याच. बायफोकल विषय 200 मार्कांचा असतो, म्हणजे तो दोन विषयांची जागा खातो, एक सेकंड लँग्वेज जाते आणि आणखी एक विषय जातो. म्हणजे इंग्लिश, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि कॉम्प्युटर सायन्सचे दोन पेपर, झाले सहा, संपलं, बायोलॉजीला जागाच उरली नाही. ज्याला इंजिनिअरिंग का मेडिकल हे अजून ठरवायचंय त्याने म्हणून बायफोकल घेताना दहादा विचार करावा. पण ज्याचं पक्कं आहे त्याच्यासाठी बायफोकल फार चांगलं, कारण कॉम्प्युटर सायन्सच्या प्रत्येक पेपरला 50 मार्कांचं प्रॅक्टिकल असतं आणि मन लावून करणाऱ्या पोरांचा स्कोअर तिथे छान होतो. सायन्सला इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल मेंटेनन्स, क्रॉप सायन्स, फिशरीजचे विषय, कॉमर्सला बँकिंग, ऑफिस मॅनेजमेंट, मार्केटिंग असे पर्याय आहेत पण सगळ्या कॉलेजात सगळे नसतात. ज्याला फक्त भाषेच्या जागी काहीतरी हवंय त्याने आयटी घ्यावं, तो 100 चाच विषय आहे.

आता माझ्या जिव्हाळ्याचा भाग, व्होकेशनल. कमी मार्क पडले म्हणून तिकडे टाका, असं बोलू नका प्लीज, मुलासमोर तर अजिबातच नको. इलेक्ट्रिकल, ऑटोमोबाईल, मेडिकल लॅब टेक्निशियन, हॉर्टिकल्चर, टुरिझम, अकाउंटिंग असे कितीतरी कोर्स आहेत, आणि अर्ध्याहून जास्त जीव प्रॅक्टिकलमधे आहे. अकरावीतली पोरगी पहिल्यांदा जिन्याची वायरिंग करते, एक बल्ब, दोन टू-वे स्विच, खालून लावला वरून बंद केला, पहिल्या वेळी बहुतेक कॉमन वायर चुकतेच आणि दिवा एकाच स्विचवर चालतो, मग ती परत बोर्ड उघडते, टेस्टर लावत लावत स्वतः शोधते. ते शोधणं हेच शिक्षण आहे, पुस्तकात वाचून ते येत नाही.

पण खरं ते पण सांगायला पाहिजे. व्होकेशनलमधून सरळ नीट किंवा इंजिनिअरिंगची जेईई नाही, ते विषयच नसतात. बीए बीकॉमला जाता येतं, टेक्निकल गटाच्या मुलांना पॉलिटेक्निक डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायची सोय आहे आणि डिप्लोमा झाला की तिथून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. शिवाय अप्रेंटिसशिप, बारावी व्होकेशनलवाल्यांसाठी कायद्यातच वेगळी जागा आहे, आपल्याकडे ते काम मुंबईत सायनला असलेलं बोट (बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंग) ऑफिस बघतं. स्टायपेंड मिळतो आणि कंपनीचा अनुभव मिळतो तो वेगळाच.

तर आता कॉलेजात जा. ऑफिसच्या खिडकीवरून माहितीपत्रक घेऊन परत येऊ नका, डिपार्टमेंट बघायचंय म्हणून सांगा, नाही म्हणाले तर ते पण एक उत्तरच समजा. वर्कशॉपमधे मशीनवर धूळ आहे का, हत्यारं कपाटात सीलबंद आहेत का वापरून झिजलेली आहेत ते बघा. बारावीच्या एखाद्या मुलाचं जर्नल मागून बघा, तारखा वर्षभर पसरलेल्या आहेत का सगळ्या फेब्रुवारीतल्याच आहेत, लगेच कळतं. विषयाला पूर्णवेळ शिक्षक आहेत का आणि इन्स्ट्रक्टर आहे का विचारा. ऑन द जॉब ट्रेनिंगला मागच्या बॅचची पोरं कुठे गेली होती ते विचारा, नाव घेऊन सांगता आलं पाहिजे, "पाठवतो आम्ही" एवढ्यावर गप्प बसू नका. सायन्सला पण हेच, केमिस्ट्रीच्या लॅबमधे बर्नर पेटतो का बघा, कारण क्लासला टाय-अप असलेल्या काही ठिकाणी लॅब नुसती नावाला असते.

फी विचारताना तुकडी अनुदानित आहे का विनाअनुदानित हे स्पष्ट विचारा, एकाच कॉलेजात दोन्ही असू शकतात आणि फरक खूप पडतो.

मग फॉर्म. 2025-26 पासून अकरावीचं ऑनलाईन ॲडमिशन सगळ्या महाराष्ट्रासाठी एकच झालंय, कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा पसंत्या भरता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे ॲडमिशन घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या नेहमीच्या फेऱ्यांमधून बाहेर, म्हणून पहिल्या नंबरवर असंच नाव टाका जिथे तुम्ही स्वतः जाऊन आलाय. बायफोकलची प्रोसेस कशी आणि कधी आहे ते त्या कॉलेजातच विचारा, नियम अधूनमधून बदलतात. आणि कॉलेज सुरू झाल्यावर पहिल्या दोन तीन आठवड्यात मुलाला रोज विचारा की प्रॅक्टिकल झालं का, विषय झेपतोय का, कारण विषय बदलायचा असला तर अर्ज तेव्हाच द्यायचा असतो, दिवाळीनंतर कोणी ऐकत नाही.