भिजलेले फोटो, चिकटलेली काच आणि हरवलेली आज्जी: या चुका टाळा

2019 च्या पुरात कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली आणि उघडीप मिळाल्याबरोबर सगळे फोटो गच्चीवर उन्हात टाकले. तासाभरात ते पापडासारखे वळले. एकमेकांना चिकटलेले होते ते ओढून सोडवायला गेलो, तर आज्जीच्या लग्नाच्या फोटोतला तिचाच चेहरा दुसऱ्या फोटोच्या पाठीला चिकटून निघाला.

फोटो भिजले तर गठ्ठा तसाच वाळू देऊ नका. गार, स्वच्छ पाण्यात थोडा वेळ ठेवला की बहुतेक फोटो आपापले सुटतात. चित्रावर बोट लावायचं नाही, पुसायचंही नाही. कोऱ्या कागदावर चित्राची बाजू वर करून सावलीत, पंख्याखाली वाळवा. पसारा मोठा असेल आणि एक-दोन दिवसांत उरकणार नसेल, तर मध्ये बटर पेपर घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत फ्रीजरमध्ये ठेवून द्या.

माजघरातल्या फ्रेमची गोष्ट वेगळी. भिंतीला ओल असते, पावसाळ्यात फोटोचा थर मऊ होऊन काचेला धरतो. दसऱ्याला फ्रेम उतरवली की कोणीतरी काच सोडवायला जातं, आणि पणजोबांचा फेटा काचेवरच राहतो. चिकटलेला फोटो काचेसकट स्कॅन करा किंवा तिरप्या उजेडात, चमक टाळून त्याचा फोटो घ्या. स्कॅन 600 डीपीआयला, आणि मागची बाजूसुद्धा. स्टुडिओचा शिक्का, कोणी लिहिलेलं नाव, तारीख, सगळं तिथेच असतं. पाठीवर बॉलपेनने लिहू नका, दाब पुढे उमटतो. मऊ पेन्सिल वापरा. लॅमिनेशन तर नकोच. रंग भरून देणारं ॲप वापरायला हरकत नाही, पण ते शालूचा रंग अंदाजानेच ठरवतं, हे ध्यानात असू द्या. मूळ स्कॅन वेगळा जपा.

फोटोतल्या कपड्यांवरून काळ ठरवण्याची घाई तर मीही केली आहे. स्टुडिओत मागचा रंगवलेला पडदा आणि खुर्ची तर असायचीच, पण कोट-टोपीही मिळायची. अंगावरचा कोट आपल्या माणसाचाच होता, असं धरून चालू नका.

घराण्याच्या जुन्या कागदपत्रांत सगळ्यात जास्त फसवतं ते साल. शके 1832 म्हणजे इसवी सन 1910-11, आणि फसली (महसुली कागदांतलं साल) 1320 म्हणजेही तेच वर्ष. शकात 78 मिळवायचे, फसलीत 590. तारीख त्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतली, म्हणजे इंग्रजी जानेवारी लागल्यानंतरची असेल तर एक जास्त. मी एकदा फसलीला शक समजलो आणि एकच माणूस पाचशे वर्षं मागे गेला! नावांचंही तसंच. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत, त्यामुळे कृष्णा बापू, बापू कृष्णा, पुन्हा कृष्णा बापू. नुसत्या नावावर दोन पिढ्या एक करू नका. गाव, गट नंबर, भावाचं नाव जुळवून बघा. दत्तक गेलेल्या माणसाचा बाप कागदावर बदलतो, तेही विचारून ठेवा.

कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानकाळचे मोडी कागद आहेत. मोडी येत नसेल तर जाणकाराकडून वाचून घ्या, अंदाजाने अक्षर लावू नका. आपल्या भागात हेळवी लोक घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरतात. ते दारात आले की हातातलं काम ठेवून बसा आणि विचारून रेकॉर्ड करून घ्या.

पण सगळ्यात मोठी चूक घरातच होते. वंशावळ लिहायला बसलो की बाप, त्याचा बाप, त्याचा बाप, एवढंच लिहितो. सासरी गेलेल्या मुली आणि सुनांची माहेरं सुटतात. आणि लग्नातल्या फोटोची दुसरी प्रत बहुतेक वेळा माहेरीच असते. आज्जीच्या भावंडांकडे, आत्यांकडे, मावश्यांकडे जा. फोटो समोर ठेवून एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून विचारा. सगळ्यांसमोर एकदम विचारलं तर एकाचं ऐकून दुसरा "हो" म्हणतो, म्हणून एकेकाला वेगळं विचारा.

आमच्या आज्जीचा तो फोटो शेवटी गडहिंग्लजला तिच्या धाकट्या बहिणीकडे मिळाला. कपाटात, लुगड्याच्या घडीत. चेहरा अगदी शाबूत होता, आणि पाठीवर पेन्सिलीने तिचं माहेरचं नाव लिहिलेलं. ते नाव आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.