रीफ टँकमध्ये शेवाळ झालंय? औषधाची बाटली आधी खाली ठेवा

रीफ टँक, म्हणजे कोरल ठेवलेला खाऱ्या पाण्याचा टँक, लावून दोन-तीन आठवडे झाले की वाळूवर तपकिरी भुकटीसारखा थर येतो आणि माणूस घाबरून दुकानात पळतो. पळू नका. ते डायटम (सूक्ष्म शेवाळ) आहेत, नव्या टँकमध्ये येतातच, पाण्यातलं सिलिका संपलं की आपले आपण जातात. खरी डोकेदुखी त्यानंतर सुरू होते, आणि तिथे आपण सगळे एकच चूक करतो, काय उगवलंय ते न बघताच उपाय चालू करतो.

तर आधी बघा. लालसर-जांभळी साय, बोटाने ओढली की चादरीसारखी निघते, ते सायनो (सायनोबॅक्टेरिया). शेवाळच नाही ते, बॅक्टेरिया आहेत. हिरवे लांब केस म्हणजे हेअर अल्गी, पण एक काडी पाण्याबाहेर न काढता नीट बघा, पिसासारखी किंवा नेच्याच्या पानासारखी दिसली तर ब्रायोप्सिस. हिरवे चकचकीत मणी म्हणजे बबल अल्गी, ते फोडू नका, मुळासकट अख्खे सोलून काढा. आणि तपकिरी शेंबडासारखे धागे, टोकाला हवेचे बुडबुडे, सकाळी कमी आणि संध्याकाळपर्यंत सगळीकडे, शंख एकेक करून उलटे पडतायत, तर ते डायनो (डायनोफ्लॅजेलेट, सूक्ष्म एकपेशीय जीव) आणि तुमचं नशीब खराब. खात्री करायची असेल तर थोडा शेंबूड टँकच्या पाण्यासकट बाटलीत घ्या, जोरात हलवा, कॉफी फिल्टरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी उजेडात ठेवा, तासाभरात परत धागे जमले की समजा डायनोच.

आता हेअर अल्गी, कारण दहातल्या आठ जणांना तीच होते. टेस्ट किट फॉस्फेट शून्य दाखवतंय मग हे वाढतंय कशावर, असं मीपण महिनाभर डोकं खाजवत बसलो होतो. अहो शून्य दिसतंय कारण शेवाळच ते खातंय, पाण्यात उरेल कुठून! आणि दगडात मुरलेलं फॉस्फेट हळूहळू सुटत राहतं ते वेगळंच, म्हणून जुने, कोणीतरी बंद केलेल्या टँकचे स्वस्तातले दगड घेताना जपून.

आणि पाणी. आमच्या घरातल्या पिण्याच्या आरओचं पाणी मी वर्षभर टँकला घालत होतो, आरओ आहे म्हणजे झालं की असं वाटायचं, एक दिवस टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवला तर ५२. पिण्याच्या मशीनमध्ये चवीसाठी मिनरल परत घालतात किंवा थोडं कच्चं पाणी मिसळतात, माणसाला ठीक आहे, टँकला नाही. रोज वाफ होते तेव्हा फक्त पाणी उडतं, बाकी सगळं टँकमध्येच राहतं, आणि वरून तुम्ही रोज ५२ वालं पाणी ओतताय, म्हणजे हिशोब करा. आरओच्या पुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार ओढून घेणारे दाणे) डबा जोडा, मीटरवर ० आला पाहिजे, रेझिनचा रंग बदलला की बदला. बोअरवेल-टँकरवाल्यांचं रेझिन पटपट संपतं, त्याला इलाज नाही.

मग घासायचं. टूथब्रश सायफनच्या पाइपला रबरबँडने बांधा, म्हणजे घासलेलं तिथल्या तिथे बादलीत जातं, नाहीतर तुम्ही नुसतं बियाणं पेरत बसता. उचलता येणारा दगड असेल तर बाहेर काढून शेवाळावर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने लावा, दोन-तीन मिनिटं थांबा, टँकच्याच पाण्यात विसळून परत ठेवा. कोरलवर उडू देऊ नका. लाइट ८ तासांपेक्षा जास्त नको, फ्रोझन खाणं चहाच्या गाळणीत धुऊन घाला, आठवड्याला १० टक्के पाणी बदला. टर्बो आणि ट्रोकस शंख मदत करतात पण त्यांना बोटभर लांब केस खाता येत नाहीत, आधी तुम्ही घासा मग ते साफ करतील. सम्पमध्ये (टँकला जोडलेली फिल्टरची वेगळी टाकी) कीटो, म्हणजे मुद्दाम वाढवायचं गुंतवळासारखं शेवाळ, लावून त्याचा लाइट रात्री चालू ठेवला तर उत्तमच, शेवाळाचं जेवण ते पळवतं. सहा ते आठ आठवडे धरून चाला.

ब्रायोप्सिस मात्र उपाशी मरत नाही. त्याला फ्लुकोनाझोल चालतं, तेच बुरशीचं औषध, हॉबीतला डोस साधारण लिटरला ५ मिलिग्रॅम, म्हणजे १५० ची एक कॅप्सूल ३० लिटरला, दगड-वाळू वजा करून खरं पाणी किती ते मोजा. फिल्टरमधला कार्बन काढून ठेवा, स्किमर (फेस करून घाण काढणारं यंत्र) बंद पण एअरपंप चालू, दोन आठवडे पाणी बदलू नका. मेलेलं शेवाळ कुजलं की नायट्रेट वाढणार, ते मात्र ओढून काढत राहा.

सायनोला आधी ओढून काढा, जिथे पाणी साचल्यासारखं राहतं तिथे वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) वळवा, तरी नाही गेलं तर तीन दिवस लाइट बंद आणि टँकवर चादर.

डायनोची गोष्ट उलटी आहे आणि ती मी स्वतःच ओढवून घेतली. हेअर अल्गीचा राग म्हणून जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) दुप्पट टाकलं, नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही खरोखर शून्य झाले, हिरवं गेलं, मी खूश, आणि पंधरा दिवसांत सगळीकडे शेंबूड. त्यांना रिकामं मैदान लागतं. तेव्हा जीएफओ काढलं, पाणी बदलणं थांबवलं, खाणं वाढवलं, नायट्रेट ५-१० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएमपर्यंत नेलं. जे डायनो रात्री पाण्यात तरंगतात त्यांना यूव्ही दिवा (पाणी त्यासमोरून फिरवायचं) मारतो, वाळूत राहणाऱ्यांना यूव्हीचा काही उपयोग नाही, म्हणून स्वस्तातला मायक्रोस्कोप घेऊन जात ओळखली तर पैसे वाचतात.

एक सांगायचं राहिलं, शेवाळाला कंटाळून काही जण म्हणतात हे दगड फेकू आणि कोकणातून समुद्राचे ताजे आणू. नका. आपल्याकडे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत, आणि कोरलवाला दगड उचलला तर गुन्हाच.

आणि टँक साफ झाला की शंख उपाशी मरायला लागतात, हे कोणी सांगत नाही. सुशीला लागते ती साधी, बिनमिठाची नोरी आणा आणि दोन बोटांएवढा तुकडा क्लिपने काचेला लावा. रात्री लावा, सकाळपर्यंत उरलेला काढा, नाहीतर परत तेच चालू.