प्रेम, मैत्री आणि डिसेंबर: रसग्रहण लिहिताना या चुका टाळा

बेळगावात पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) मुलांना मी इंग्रजी शिकवते. एमिली ब्राँटेची (1818–1848) प्रेम आणि मैत्रीवरची बारा ओळींची कविता आली की उत्तरपत्रिकांत त्याच त्या चुका दिसतात. प्रेम रानगुलाबासारखं, मैत्री हॉली या सदाहरित झाडासारखी, एवढं सगळ्यांना कळतं. घोडं अडतं ते डिसेंबरापाशी. हिवाळ्यात रानगुलाबाला सुंदर कोण म्हणेल, असं कविता विचारते, आणि शेवटी गुलाबाऐवजी हॉलीची माळ घालायला सांगते: डिसेंबरानं कपाळ कोमेजवलं तरी ती माळ हिरवी राहील.

खानापूरकडच्या एका मुलानं लिहिलं, "कवयित्रीचं चुकलं. डिसेंबरात गुलाबाला खरा बहर असतो." त्याच्या घरी ऑक्टोबरात छाटणी होते आणि दीड महिन्यात झाडं फुलांनी भरतात. गाइडमधून उतरवलेल्या उत्तरांपेक्षा मला हे कितीतरी मोलाचं वाटलं, कारण ते त्यानं स्वतः पाहिलेलं होतं. पण कविता आहे इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या हॉवर्थची. तिथं डिसेंबरात दिवस जेमतेम साडेसात तासांचा. रानगुलाबाची पानंसुद्धा झडतात, उरतात काटेरी काटक्या. हॉली मात्र हिरवीगार, तुकतुकीत. हे डोळ्यांसमोर नसेल तर तुलना उभीच राहत नाही. त्या दिवशी सगळ्यांना वहीत दोन रकाने आखायला लावले: आपला डिसेंबर, तिकडचा डिसेंबर. रकाने भरता भरता त्याच मुलानं विचारलं, "मॅडम, शेवटी डिसेंबर माणसाच्या कपाळावर का येतो?" तिथं डिसेंबर म्हणजे माणसाचा पडता काळ. हे गाइड सांगत नाही. पाठांतराची घाई असलेल्यांना हा प्रश्न पडतच नाही.

"इथे उपमा अलंकार आहे" एवढं लिहून थांबू नका. प्रेम आणि मैत्री हे शब्द फक्त पहिल्या दोन ओळींत येतात. पुढच्या दहा ओळी नुसत्या झाडांच्या, ऋतूंच्या आणि माळेच्या. त्या वाचताना प्रेम आणि मैत्री आपल्याला जोडायची असतात. मी प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलीनं 'प्रे' किंवा 'मै' लिहायला लावते.

"प्रेमाला काटे, मैत्रीला नाहीत" हेही खोडा. हॉलीच्या पानांनाही काटे असतात, आणि कविता काट्यांविषयी बोलतच नाही. हॉलीची लाल फळंही कवितेत नाहीत. ती उत्तरात घुसडू नका.

कवयित्रीचा प्रेमभंग झाला होता? ओळ दाखवा, नाहीतर वाक्य काढा.

आणि "कवितेत प्रेम वाईट ठरवलंय" असं लिहिण्याआधी दुसरं कडवं मोठ्यानं वाचा. वसंतातला गोडवा, उन्हाळ्यातला दरवळ, दोन्हींना तिथं मनापासून दाद आहे. शेवटी गुलाबाची माळ झिडकारायला सांगितलंय, ते हिवाळ्याकडे बघून.