हाताने लावली की चालते, बूटला मात्र पडते

लिनक्स सपोर्टला नवीन लागला असाल तर हा लोचा तुमच्या वाट्याला येणारच. सर्व्हिस, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्राम, हाताने स्टार्ट केली की मस्त चालते आणि सर्व्हर रीबूट केला की पडलेली सापडते. माझे तीन रविवार अशा एका सर्व्हिसने खाल्ले. त्यातला एक तर मेगाब्लॉकचा, डोंबिवलीहून कसंबसं घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी, आणि जावं लागलं कारण घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायचा रस्ता ज्या प्रॉक्सीतून (मधला दरवानासारखा प्रोग्राम) होता तीच ती पडलेली सर्व्हिस.

इनेबल केली का (बूटला आपोआप सुरू हो असं सांगितलं का), डीमन-रीलोड मारला का (बदललेली फाइल सिस्टमडीला, म्हणजे सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रामला, परत वाचायला लावली का), हे तुम्ही बघितलं असेल असं धरतो. स्टेटसमध्ये 203 दिसला तर एक्झेकचा, म्हणजे चालवायच्या प्रोग्रामचा, पाथ नाहीतर परमिशन बघा, 217 दिसला तर ज्याच्या नावाने चालवायचं तो युझरच सापडत नाहीये. ही सोपी दुखणी, यांना अर्धा तास पुरतो. माझं दुखणं वेगळं होतं.

आमच्या सर्व्हर रूममध्ये रविवारी वीज बंद करून मेंटेनन्स होतं. वीज आली, सर्व्हर उठला, प्रॉक्सी नाही. मी पोचलो, स्टार्ट मारला, लगेच चालू. सिनियर फोनवर म्हणाला, चालली ना, मग झालं, जा घरी. आणि मी गेलो, हीच चूक. बूट होऊन तास झाल्यावर सर्व्हिस हाताने उठते याने काहीही सिद्ध होत नाही हो! तोपर्यंत नेटवर्क आलेलं असतं, डिस्क माउंट झालेल्या असतात, सगळं घर जागं झालेलं असतं. बूटच्या पहिल्या दहा सेकंदात काय होतं ते बघायचं असतं आणि ते जर्नलमध्येच, म्हणजे सिस्टमडीच्या लॉगमध्येच, दिसतं. जर्नलसीटीएलला डॅश बी आणि डॅश यू लावून त्या बूटचा त्या सर्व्हिसचा लॉग काढा, आणि वरून वाचा, खालून नाही. मी खालची ओळ वाचली, 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली', आणि दोन दिवस तीच सर्च करत बसलो. तो आजार नव्हताच, खरी एरर बरीच वर होती, 'कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अॅड्रेस'. म्हणजे प्रॉक्सीला ज्या आयपीवर बसायचं होतं तो आयपी तेव्हा मशीनवर आलेलाच नव्हता.

यावर सगळे सांगतात की प्रॉक्सीला सगळ्याच अॅड्रेसवर ऐकायला लाव. चालत असेल तर खुशाल करा, पण आमच्या मशीनचा एक पाय बाहेरच्या नेटवर्कमध्ये होता, तिकडे दार उघडं ठेवायचं नव्हतं.

आता सापळा. युनिट फाइलमध्ये, म्हणजे सर्व्हिस कशी आणि कधी चालवायची ते जिथे लिहितात तिथे, आफ्टर नेटवर्क डॉट टार्गेट लिहिलेलं होतं (टार्गेट म्हणजे बूटमधला एक टप्पा), म्हणून मी छातीठोक सांगत होतो की नेटवर्क आल्यावरच सुरू होते. तसं नाहीये. ते टार्गेट एवढंच सांगतं की नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम सुरू झालाय. आयपी मिळालाय असं नाही, केबलमध्ये जीव आहे असंही नाही. पाहिजे असतं ते नेटवर्क-ऑनलाइन डॉट टार्गेट. बरं, मी ते बदललं, रीबूट, परत पडली. कारण आफ्टर फक्त क्रम सांगतो, कोणाला बोलवत नाही. घरात सांगून ठेवलं की दादा जेवायला आला तर त्याच्यानंतर माझं पान वाढा, पण दादाला कोणी बोलावलंच नाही, मग आई थांबणार कोणासाठी? पान वाढून मोकळी. दादाला फोन करणारी ओळ वेगळी, ती वाँट्स. आफ्टर आणि वाँट्स दोन्ही लिहायच्या, दोन्हीत नेटवर्क-ऑनलाइन. हे मला कोणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर... जाऊ दे. क्लासमध्ये तीन महिने कमांड पाठ करून घेतल्या, हा फरक एकदाही निघाला नाही.

दोन्ही लिहून परत पडली. तेव्हा खरंच वाटलं की हे काम आपलं नाही, बँकेच्या परीक्षा दिलेल्या बऱ्या. तुम्हालाही वाटेल, वाटू द्या, चहा मारून या, टपरीपर्यंत चालताना मला जेवढं सुचलंय तेवढं स्क्रीनसमोर नाही सुचलं. झालं होतं असं की प्रत्यक्ष थांबायचं काम नेटवर्कडीची (आमच्याकडे नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम हाच) वेट-ऑनलाइन नावाची सर्व्हिस करते आणि ती आमच्याकडे डिसेबल होती. कोणी केली? मीच. सर्व्हर लावला त्या दिवशी बूटला दोन मिनिटं लागत होती, एकाने सांगितलं हिला बंद कर, फास्ट होईल. झाला फास्ट. खरं कारण एका पोर्टला केबलच नव्हती आणि वेट-ऑनलाइन तिच्यासाठी तिचे ठरलेले 120 सेकंद वाट बघत बसायची. त्या पोर्टच्या नेटवर्क फाइलमध्ये रिक्वायर्ड-फॉर-ऑनलाइनला नो लिहिलं असतं तर विषय तिथेच संपला असता. आता ते लिहिलं आणि वेट-ऑनलाइन परत इनेबल केली.

हे सगळं कळायच्या आधी मी जो जुगाड केला तोही सांगतो, कारण तुम्ही तोच करणार आहात. एक्झेक-स्टार्ट-प्रीमध्ये, म्हणजे सर्व्हिसच्या आधी चालणाऱ्या ओळीत, स्लीप 30, तीस सेकंद नुसतं थांब. चार वेळा रीबूट केलं, चारही वेळा उठली, सिनियर खूश. पुढच्या रविवारी वीज गेली आली, प्रॉक्सी पहिल्या खेपेला परत पडलेली! कारण मी रीबूट करत होतो तेव्हा नेटवर्कचा स्विच (सर्व्हरची केबल ज्या डब्यात जाते तो) चालू होता, आणि वीज जाते तेव्हा स्विचही मरतो, आमच्या त्या जुन्या स्विचला उठायला सर्व्हरपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि समोर स्विच मेलेला असताना नेटवर्कडी पोर्टला फिक्स आयपीसुद्धा देत नाही. मग मी हट्टाने स्लीप 120 केला, तर 90 सेकंदाला सिस्टमडीनेच सर्व्हिस मारून टाकली, कारण स्टार्ट व्हायची डिफॉल्ट मुदतच तेवढी आहे आणि स्लीपही त्यात धरला जातो. स्लीप टाकून नेटवर्कची वाट बघणं म्हणजे लोकलची वाट घड्याळ बघून बघणं, गाडी आली की नाही ते प्लॅटफॉर्मकडे बघितल्याशिवाय कळत नाही. यावर माझ्याशी वाद घालू नका.

रीस्टार्ट ऑन-फेल्युअर, म्हणजे पडली की परत उठव, आधीपासून होतं, तरी स्लीप नसताना का नाही वाचवलं? कारण दोन प्रयत्नांमध्ये डिफॉल्टने फक्त 100 मिलिसेकंद थांबतं, आणि 10 सेकंदात 5 वेळा पडली की सिस्टमडी हात टेकतं. म्हणजे पाचही प्रयत्न डोळ्याचं पातं लवायच्या आत संपलेले. रीस्टार्टसेक, म्हणजे दोन प्रयत्नांमधलं थांबणं, 10 सेकंद केलं आणि स्टार्ट-लिमिट-इंटरव्हलसेक शून्य, म्हणजे हात टेकायची मर्यादाच काढली. हे दुसरं त्या फाइलच्या युनिट सेक्शनमध्ये जातं, सर्व्हिस सेक्शनमध्ये टाकलं तर सिस्टमडी दुर्लक्ष करतं. आणि बदल सिस्टमसीटीएल एडिटने करा, मूळ फाइल उघडू नका, पॅकेज अपडेट झालं की तुमची मेहनत पाण्यात.

मग टेस्ट. नुसता रीबूट नको, केबल काढा, सर्व्हर बूट करा, तीन मिनिटांनी केबल लावा. भीती वाटते, माझेही हात थरथरत होते, पण वीज जाण्याच्या सगळ्यात जवळ जाणारी टेस्ट तीच.

पुढच्या शटडाउनला मी घरीच होतो. सकाळी मेसेज आला की सगळं वर आलंय. तरी आत शिरून मी लॉग उघडला. वेट-ऑनलाइन 120 सेकंदाला कंटाळून सुटलेली, त्यानंतर प्रॉक्सी तीनदा पडलेली, आणि चौथ्या खेपेला उठलेली.